विल्नियसची देवालये आणि परक्याची ठेव
(वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या संमेलनातील व्याख्यानासाठी बाल्टिक समुद्राकडच्या लिथुआनिया देशातील एका जुन्या नगरीचा विषय मी निवडला, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. त्या नगरीशी आपला व्यापार नाही आणि सोयरीक तर नाहीच. परंतु एखादा समाज आपली देवालये कशी उभारतो, ती त्याच्या हातून कशी जातात, कोणती परत मिळतात आणि कोणती कायमची नाहीशी होतात, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने विल्नियस नगरीचा इतिहास अवश्य वाचावा. ज्या संस्थेला स्वतःची वास्तू आहे, स्वतःची दप्तरे आहेत आणि पूर्वजांविषयी आदर आहे, तिच्या सभासदांना हा इतिहास परका वाटणार नाही, अशी माझी खात्री आहे.

आणि खरे पाहता ती भूमीही आपणांस सर्वस्वी परकी नाही. लिथुआनियन भाषा युरोपातील आज बोलल्या जाणाऱ्या भाषांत अत्यंत जुनी रूपे राखून असलेली भाषा म्हणून भाषाशास्त्रज्ञांत प्रसिद्ध आहे. तेथे देवास ‘दिएवास’ म्हणतात, पुत्रास ‘सूनुस’, अग्नीस ‘उग्निस’, रात्रीस ‘नाक्तिस’ आणि मेंढीस ‘आविस’. ज्यांनी लहानपणी अमरकोश घोकला असेल त्यांना सूनु, अग्नि, नक्त आणि अवि हे शब्द तेथे भेटताच दूरदेशी गेलेल्या चुलत घराण्यातील माणूस भेटल्यासारखे वाटेल. एका आदिभाषेपासून फुटलेल्या या दोन फांद्या होत. एवढा दुवा ध्यानी ठेवून आपण त्या नगरीच्या वेशीतून आत शिरू.

विल्नियसचा पहिला लेखी उल्लेख इसवी सन १३२३ मधील आहे. लिथुआनियाचा राजा गेदिमिनास याने त्या वर्षी जर्मन नगरांना व धर्मसंघांना पत्रे धाडली आणि व्यापारी, कारागीर, योद्धे व धर्मोपदेशक यांना आपल्या राज्यात वस्तीसाठी बोलाविले. येणाऱ्यांना त्याने करांत सवलत देऊ केली आणि आपापल्या पद्धतीने उपासना करण्याची मोकळीकही दिली. विशेष हे की, पत्र लिहिणारा हा राजा स्वतः ख्रिस्ती नव्हता. तो आपल्या पूर्वजांच्या निसर्गदेवतांचा उपासक होता. नगरीच्या स्थापनेची एक दंतकथाही आहे. शिकारीस गेलेला गेदिमिनास टेकडीपाशी झोपी गेला असता शंभर लांडग्यांच्या आवाजाने आरोळी देणारा एक लोखंडी लांडगा त्याच्या स्वप्नात आला. पुरोहिताने अर्थ सांगितला की, येथे नगर वसव, त्याची कीर्ती त्या आरोळीप्रमाणे दूरवर जाईल. दंतकथा कितपत खरी मानावी हा प्रश्न निराळा. परंतु त्या टेकडीवरील किल्ल्याचा विटांचा बुरूज आजही गेदिमिनासच्याच नावाने ओळखला जातो.

टेकडीच्या पायथ्याशी नगरीचे मुख्य चर्च, म्हणजे कॅथीड्रल आहे. युरोपात ख्रिस्ती धर्म सर्वांत शेवटी स्वीकारणाऱ्या राष्ट्रांपैकी लिथुआनिया हे एक होय. गेदिमिनासचा नातू योगैला याने १३८७ साली आपल्या प्रजेस बाप्तिस्मा देवविला आणि त्याच सुमारास येथे पहिले कॅथीड्रल उभे राहिले. त्यापूर्वी त्या जागी मेघगर्जनेचा देव पेर्कूनास याचे स्थान होते, अशी परंपरा सांगते. काही पंडित या पेर्कूनासचा संबंध आपल्या वेदांतील पर्जन्याशी जोडतात. आग, पूर आणि युद्धे यांमुळे ही वास्तू वारंवार नव्याने बांधावी लागली. आज दिसणारे तिचे शुभ्र, स्तंभयुक्त रूप अठराव्या शतकाच्या अखेरीस गुत्सेविचियस नावाच्या लिथुआनियन शिल्पज्ञाने दिलेले आहे. घंटांचा मनोरा चर्चला जोडलेला नसून चौकात अलग उभा आहे, कारण त्याचा खालचा भाग म्हणजे जुन्या तटाचाच एक बुरूज होय. पहारा देण्यासाठी जो बांधला गेला, तोच पुढे प्रार्थनेची वेळ सांगू लागला.

आता आपण नगरीच्या दक्षिण टोकास जाऊ. जुना नगरकोट आज फारसा उरलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रशियन सत्तेने तो पाडला. त्याच्या वेशींपैकी एकच वाचली. तिला ‘औश्रोस वार्ताय’ म्हणजे उषेचे द्वार म्हणतात. त्यांची ‘औश्रा’ आणि आपली उषा या दोघी एकाच मुळाच्या. वेशीच्या वरच्या मजल्यावरील लहानशा प्रार्थनागृहात मरियेचे सतराव्या शतकातील चित्र आहे. त्याच्या सभोवतालच्या भिंती भक्तांनी नवस फेडताना वाहिलेल्या हजारो चांदीच्या प्रतिमांनी झाकून गेल्या आहेत. कोणी हृदयाची प्रतिमा वाहिली, कोणी हाताची, कोणी पायाची. आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे वाहणाऱ्या माणसास हे सारे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. या चित्रापुढे कॅथॉलिक आणि ऑर्थोडॉक्स असे दोन्ही पंथांचे लोक हात जोडतात.

त्या वेशीतून नगरात येणारा रस्ता चालण्यास फार थोडा. परंतु तेवढ्यातच संत तेरेसाचे कॅथॉलिक चर्च लागते, पवित्र आत्म्याचे ऑर्थोडॉक्स चर्च लागते, पूर्वेकडील विधी पाळून रोमच्या पोपला मानणाऱ्या पंथाचे पवित्र त्रैक्याचे चर्च लागते आणि पुढे जेझुइटांचे संत काझिमिरचे चर्च लागते. जर्मन व्यापाऱ्यांच्या आळीत लूथरपंथीयांचे चर्च आहे आणि त्या आळीलगतच यहुदी लोकांची वस्ती होती. ग्रँड ड्यूक व्हितौतासच्या काळी या देशात येऊन राहिलेल्या तातार मुसलमानांची मशीद व कराइम नावाच्या लहानशा समाजाचे प्रार्थनागृह ही देखील याच नगरीत होती. गेदिमिनासच्या त्या पत्रांचे फळ इतके नानाविध निघाले!

सौंदर्याच्या दृष्टीने पाहावयाचे तर दोन वास्तूंचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे योग्य नव्हे. पहिली, पंधराव्या शतकाच्या अखेरीची संत आन्नाची. ३३ प्रकारच्या विटांनी रचलेली तिची दर्शनी भिंत इतकी नाजूक आहे की, १८१२ साली येथे आलेल्या नेपोलियनला ती तळहातावर ठेवून पॅरिसला न्यावीशी वाटली, अशी आख्यायिका आहे. दुसरी, संत पीटर आणि संत पॉल यांची. मिखाएल पात्स या सेनापतीने १६६८ साली ती बांधावयास घेतली. तिच्या आतील भिंतींवर व छतावर इटालियन कारागिरांनी घडविलेल्या चुनेगच्चीच्या २००० हून अधिक आकृती आहेत. एवढे वैभव उभारणाऱ्या त्या पात्सने आपला देह मात्र चर्चच्या उंबरठ्याखाली ठेवावा आणि त्यावर ‘येथे एक पापी निजला आहे’ एवढेच कोरावे, अशी इच्छा व्यक्त केली. पंढरपुरी नामदेवाची पायरी ज्याने वंदिली आहे, त्यास या सेनापतीचे मन ओळखण्यास दुभाष्या नको.

श्रोतेहो, येथवर मी वैभव सांगितले. आता त्या वैभवावर आलेले प्रसंग सांगितले पाहिजेत.

विल्नियसवर अनेक सत्ता येऊन गेल्या. १७९५ साली ती रशियन झारच्या ताब्यात गेली. पहिल्या महायुद्धात जर्मन आले. १९२० पासून १९३९ पर्यंत ती पोलंडकडे होती. १९४० साली सोव्हिएत सत्ता आली, १९४१ साली हिटलरची फौज आली आणि १९४४ पासून पुन्हा सोव्हिएत सत्ता होती, ती लिथुआनियाने ११ मार्च १९९० रोजी स्वातंत्र्य जाहीर करीपर्यंत. या उलथापालथीची एक लाट आपल्या दारापर्यंतही येऊन पोहोचली होती. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यांपैकी बहुतेकांना तत्कालीन पोलंडच्या पूर्व भागातून सोव्हिएत सत्तेने हद्दपार केले होते.

सत्ता बदलली की देवालयांचे धनीही बदलत. संत काझिमिरच्या चर्चचेच चरित्र पाहा. १६०४ साली जेझुइटांनी त्याची पायाभरणी केली. नेपोलियनच्या सैन्याने तेथे धान्य साठविले. १८३१ च्या उठावानंतर झारच्या सरकारने ते कॅथॉलिकांकडून काढून ऑर्थोडॉक्स पंथाच्या स्वाधीन केले. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी तेथे आपल्या सैनिकांसाठी प्रॉटेस्टंट उपासना सुरू केली. नंतर ते कॅथॉलिकांकडे परत आले. परंतु सोव्हिएत अमलात बंद झाले आणि १९६० नंतरच्या दशकात तेथे निरीश्वरवादाचे संग्रहालय थाटण्यात आले. ज्या छताखाली देवाची स्तुती झाली, त्याच छताखाली देव नाही हे सिद्ध करणारी प्रदर्शने भरू लागली. कॅथीड्रलची गतही याहून फारशी निराळी नव्हती. १९४९ साली तेथील उपासना थांबली, १९५० साली छपरावरील तीन संतांचे पुतळे खाली ओढण्यात आले आणि १९५६ पासून तेथे चित्रशाळा होती. तातारांची लाकडी मशीद तर १९६८ साली पाडूनच टाकण्यात आली.

मात्र काळ पुन्हा पालटला. १९८८ साली कॅथीड्रल आणि संत काझिमिरचे चर्च ही दोन्ही श्रद्धावंतांना परत देण्यात आली. २३ ऑगस्ट १९८९ रोजी विल्नियसपासून लाटव्हियातून इस्टोनियाच्या टाल्लिनपर्यंत सुमारे ६०० किलोमीटर अंतरावर लाखो माणसे एकमेकांचे हात धरून उभी राहिली. त्या मानवी साखळीचे एक टोक गेदिमिनासच्या बुरुजापाशी होते. छपरावरील तिन्ही पुतळे १९९७ साली पुन्हा घडवून बसविण्यात आले. १९९४ साली युनेस्कोने हे जुने नगर जागतिक वारशात समाविष्ट केले. आणि २०२४ च्या डिसेंबरात कॅथीड्रलच्या तळघरातील भिंतीत एक ठेव सापडली. राजा अलेक्झांडर, राणी एलिझाबेथ आणि राणी बार्बारा यांच्या शवांसोबत ठेवलेले मुकुट व राजचिन्हे १९३९ च्या सप्टेंबरात युद्धाच्या भीतीने कोणी तरी तेथे लपवून ठेवली होती. वर्तमानपत्रांत गुंडाळलेले ते मुकुट ८५ वर्षांनी उजेडात आले.

या सर्व वास्तू परत का येऊ शकल्या, याचा विचार केला पाहिजे. धनी बदलले, उपयोग बदलले, मूर्ती उतरल्या. तरी ‘हे आमचे आहे, येथे आमच्या आजोबांचे लग्न लागले’ असे सांगणारी माणसे त्या नगरीत उरली होती. घर बळकावले गेले, पण घराचे नाव सांगणारा मुलगा जिवंत होता. जेथे असा मुलगा उरला नाही, तेथे काय झाले, ते आता सांगतो.

आपल्या कोकणातील बेने इस्रायल बांधवांमुळे सिनेगॉग म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिर, हे मराठी माणसास ठाऊक आहे. विल्नियसचे महान सिनेगॉग सतराव्या शतकात दगड-विटांनी बांधले गेले. सिनेगॉग चर्चहून उंच दिसू नये असा त्या काळचा निर्बंध होता. तेव्हा बांधणाऱ्यांनी युक्ती केली. त्यांनी जोते वर न चढविता जमीन खोल खणली. बाहेरून इमारत बेताची दिसे; पायऱ्या उतरून आत गेले की अंतर्भाग प्रचंड भासे. तिच्या भोवतालच्या चौकात लहानमोठी अनेक प्रार्थनागृहे होती, स्नानगृहे होती आणि स्त्राशुन यांचे विख्यात ग्रंथालय होते. अठराव्या शतकात येथेच एलिया नावाचा महापंडित होऊन गेला. त्यास ‘विल्नाचा गाओन’ म्हणजे ज्ञानश्रेष्ठ म्हणत. या विद्येमुळे सारे यहुदी जग या नगरीला लिथुआनियाचे जेरुसलेम म्हणू लागले. दुसऱ्या महायुद्धापूर्वी नगरीत शंभराहून अधिक सिनेगॉग होती आणि यहुदी वस्ती ५५ ते ६० हजारांच्या घरात होती.

२४ जून १९४१ रोजी जर्मन फौज विल्नियसमध्ये शिरली. सप्टेंबरात यहुद्यांना गल्ल्यांत कोंडून भोवती कुंपण घालण्यात आले. नगरीबाहेरच्या पानेरियाई येथील अरण्यात आधीच खणलेले मोठमोठे खड्डे होते. तेथे नेऊन, काठावर उभे करून, माणसांना गोळ्या घालण्यात आल्या. तीन वर्षांत त्या एका जागी मारल्या गेलेल्या यहुद्यांची संख्या सुमारे ७० हजार सांगितली जाते; पोलिश नागरिक व रशियन युद्धकैदी यांचाही तेथे संहार झाला. हुकूम जर्मनांचा होता. परंतु बंदुका चालविणाऱ्यांत त्याच देशातील, शेजारीपाजारी वाढलेले लोकही होते. हे कटू आहे, पण सांगितल्यावाचून राहता येत नाही. गेदिमिनासने ज्या नगरीत परक्यांना सन्मानाने बोलाविले, तिच्यातच सहाशे वर्षांनी शेजाऱ्याने शेजाऱ्यास खड्ड्याच्या काठावर नेले.

महान सिनेगॉग युद्धात भग्न झाले, पण त्याच्या भिंती उभ्या होत्या. दुरुस्ती शक्य होती. मागणारे कोणी उरले नव्हते. जे थोडे वाचले होते, त्यांच्या शब्दाला सोव्हिएत दरबारी वजन नव्हते. १९५५ ते १९५७ या काळात ते अवशेष पाडण्यात आले आणि त्या जागी शाळा बांधण्यात आली. मुलांचे पाय कशावर पडत होते, हे पुढील पिढीस ठाऊकही नव्हते. अलीकडे पुरातत्त्वज्ञांनी तेथे उत्खनन सुरू केले. २०१८ साली त्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या जुन्या खोलीखाली सिनेगॉगची बीमा, म्हणजे धर्मग्रंथ वाचावयाचे उच्चासन, सापडले. शंभरांपैकी आज उपासना चालते ते सिनेगॉग एकच, १९०३ साली बांधलेले.

परंतु श्रोतेहो, हा इतिहास येथेच संपला असता तर मी तो उत्सवाच्या दिवशी आपणांपुढे मांडला नसता. दगडांचे जे झाले ते झाले; अक्षरांचे काय झाले, ते ऐका.

जर्मन अधिकाऱ्यांनी स्त्राशुन ग्रंथालय आणि ‘यिवो’ नावाची यहुदी संशोधनसंस्था यांतील ग्रंथ व कागद निवडण्याच्या कामी कोंडवाड्यातील विद्वानांनाच जुंपले. मोलाचे तेवढे जर्मनीस धाडावयाचे आणि उरलेले रद्दी म्हणून कागदाच्या गिरणीत टाकावयाचे, असा बेत होता. या मंडळीत अब्राहाम सुत्झकेव्हर व श्मेर्के काचेर्गिन्स्की हे कवी होते आणि हर्मन क्रूक हा ग्रंथपाल होता. दिवसभर काम करून परतताना ते अंगरख्याच्या आत, पोटाशी, हस्तलिखिते बांधून आणीत. वेशीवर झडती होई. कागद सापडला तर प्राणांशी गाठ होती. भाकरीचा तुकडा लपवून आणणे शक्य असताना ही माणसे कागद आणीत होती! ते कागद त्यांनी तळघरांत, जमिनीखाली व विश्वासू मित्रांकडे दडविले. क्रूक पुढे इस्टोनियातील छावणीत १९४४ च्या सप्टेंबरात मारला गेला. मृत्यूच्या आदल्या दिवशी त्याने तेथील आपली रोजनिशी जमिनीत पुरून ठेविली होती.

याच वेळी विद्यापीठाच्या ग्रंथालयात ओना शिमायते नावाची एक लिथुआनियन बाई ग्रंथपाल होती. यहुदी विद्यार्थ्यांकडे राहिलेली पुस्तके परत आणावयाची आहेत, असे निमित्त सांगून तिने कोंडवाड्यात जाण्याची परवानगी मिळविली. जाताना ती अन्न नेई आणि येताना पत्रे व हस्तलिखिते बाहेर आणी. १९४४ साली ती पकडली गेली आणि तिचा अनन्वित छळ झाला. ती जगली, १९६६ साली इस्रायलने तिला राष्ट्रांतील धर्मशील व्यक्ती म्हणून गौरविले.

युद्ध संपल्यावर वाचलेल्यांनी लपविलेले कागद काढून यहुदी संग्रहालय स्थापिले. परंतु १९४९ साली सोव्हिएत सत्तेने ते बंद केले. त्या कागदांचा नाश अटळ दिसत होता. तेव्हा सरकारी ग्रंथभांडाराचे प्रमुख अन्तानास उल्पिस यांनी ते आपल्याकडे घेतले. ते भांडार होते संत जॉर्जच्या बंद केलेल्या चर्चमध्ये! उल्पिस यहुदी नव्हते आणि ती लिपी त्यांच्या घराण्याची नव्हती. तरीही त्यांनी ते गठ्ठे इतर कागदांच्या ढिगांत दडवून ठेविले आणि चाळीस वर्षे ते तेथे राहिले. राजकीय हवा पालटल्यावर, १९८८-८९ च्या सुमारास, ते उघडकीस आले. तेव्हा उल्पिस हयात नव्हते. पुढे २०१७ साली आणखी सुमारे १ लक्ष ७० हजार पानांचा शोध लागल्याचे जाहीर झाले. ज्या समाजाचे मंदिर पाडले गेले, त्या समाजाची वाणी दुसऱ्या धर्माच्या मंदिराने आपल्या पोटात जपली. विल्नियसमधील वास्तूंत मला याहून पवित्र अशी दुसरी ठेव दिसत नाही.

आता आपल्या घराकडे वळून दोन शब्द सांगतो. ज्ञातिसंस्था म्हटली की सभागृह, वसतिगृह, धर्मशाळा या वास्तूंकडे आपले लक्ष प्रथम जाते, आणि ते युक्तच आहे. परंतु वास्तू ही आठवणींचे केवळ बाह्यांग होय. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी माळ्यावर मोडी लिपीतील कागद, जुन्या सभांची इतिवृत्ते, कुलवृत्तांतांची हस्तलिखिते, आजोबांची पत्रे धूळ खात पडली असतील. दिवाळीच्या साफसफाईत त्यांची रद्दी होते. येथे झडती घेणारा शिपाई नाही, खड्डा नाही, बंदूक नाही. तरीही आपण ते गमावतो. जे कागद विल्नियसच्या कवींनी प्राणांची पैज लावून पोटाशी बांधले, त्यांच्यासारखेच कागद आपण भर दिवसा तराजूत घालतो, हे लाजिरवाणे आहे. तरुणांनी मोडी शिकावी, घरोघरी जाऊन असे कागद पाहावेत, त्यांची सूची करावी, एवढे कार्य या वर्षी आरंभिले तरी माझे बोलणे वाया गेले नाही असे मी मानीन.

आणि दुसरे, जे मला अधिक महत्त्वाचे वाटते. आपल्याच ज्ञातीचे तेवढे जपावे, हा बोध या इतिहासातून निघत नाही. काझिमिरचे चर्च काझिमिरच्या भक्तांनी मागून परत मिळविले, हे चांगलेच झाले. परंतु उल्पिस आणि शिमायते यांनी जे राखले ते त्यांचे स्वतःचे नव्हते. आपल्या गावात ज्या समाजाचे एकच घर उरले असेल, त्याचे थडगे, त्याची विहीर, त्याची वही आपण जपली पाहिजे. परक्याची ठेव धन्याला पोहोचेपर्यंत सांभाळणे, हा धर्म आपल्या वाडवडिलांनी शिकविला आहे. धनी परत येईल की नाही हे ठाऊक नसतानाही जो ती सांभाळतो, तो खरा विश्वस्त होय.